विचारणाऱ्याचं नाव न विचारता

आमच्या केंद्रात येणारा माणूस आधी प्रश्न विचारतो, कागद नंतर काढतो. पीक विम्याचे पैसे कधी पडणार, अनुदानाच्या यादीत नाव लागलं का, केवायसी झाली का, फार्मर आयडी काढायला काय काय लागतं. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. एक खोली, दोन संगणक, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि लाईट गेली की ओरडणारा इन्व्हर्टर. सातबारा, आठ अ, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसान ही कामं ठरलेल्या सरकारी साईटवर होतात. त्यांचे पत्ते मला पाठ आहेत, शोधावं काहीच लागत नाही. शोधावं लागतं ते साईट अडकलेली असताना. पडद्यावरचं चक्र फिरत राहतं, समोरच्या माणसाला ओटीपीची वाट बघायची असते, आणि तेवढ्या वेळात त्याच्या मनातला दुसराच प्रश्न बाहेर येतो.

सोयाबीनवर चक्रीभुंगा पडला तर काय मारायचं, हा त्यातला सोपा प्रश्न. एखादी मावशी दुकानात कुणी नाही असं बघून पिशवीतून सुनेच्या तपासणीचा रिपोर्ट काढते. “भाऊ, ह्याच्यात काय लिहिलंय तेवढं बघा की.” एखादा पोरगा गर्दी ओसरेपर्यंत बाहेर गाडीवर बसून राहतो आणि मग हळूच विचारतो, मोबाईलवरच्या कर्जाचा हप्ता थकला तर घरी माणसं येतात का. दारू सोडवायचं औषध, मूल न होण्याची कारणं, फारकतीचा कायदा, पोरीच्या अंगावरचे पांढरे डाग. डॉक्टरकडं जाण्याआधी, वकिलाकडं जाण्याआधी, कधी तर नवऱ्याला सांगण्याआधी हे प्रश्न माझ्या संगणकात येतात. टाईप मी करतो, कारण त्यांना करता येत नाही किंवा त्यांच्या मोबाईलवर घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी डोळा असतो.

असे प्रश्न विचारून माणूस निघून जातो, प्रश्न मात्र मागं राहतो. मावशी गेल्यावर पुढच्या गिऱ्हाईकासाठी मी बातम्यांचं एखादं पान उघडावं आणि त्याच्या कडेला त्याच आजाराच्या दवाखान्यांच्या जाहिराती झळकाव्यात, असं होऊ लागलं. पुढचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा मावशींच्या भावकीतलंच असतं. शहरातल्या माणसाला जाहिरात पाठलाग करते तेव्हा त्याला फक्त चीड येते. गावात एकाच संगणकावर सगळं गाव बसतं, तिथं ती जाहिरात चुगली करू शकते. या एका गोष्टीनं मी बेचैन झालो होतो आणि उपाय सापडत नव्हता.

उपायाची एक बाजू अचानक घरातूनच आली. माझ्या मामेभावाचा मुलगा परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकतो. सुट्टीत तो केंद्रात येऊन बसला आणि त्यानं एका संगणकावर ‘इकोसिया’ नावाचं सर्च इंजिन लावून दिलं. त्याला ओढ झाडांची होती. “काका, ह्याच्यावर शोधलं की झाडं लागतात,” एवढंच तो म्हणाला. मला ते पटलं नाही. फुकटात झाडं लावतो म्हणणारा माणूस दिसला की आमच्याकडं आधी त्याचा सातबारा बघतात. म्हणून रिकाम्या वेळात मी त्या कंपनीबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

इकोसिया जर्मनीतल्या बर्लिनची. ख्रिस्तियान क्रोल या तरुणानं ती डिसेंबर २००९ मध्ये सुरू केली, कोपनहेगनला हवामान परिषद भरली होती त्याच दिवसांत. सगळं जग धुंडाळून स्वतःची यादी तयार करणारं अवाढव्य यंत्र तिच्याकडं नव्हतं. शोधाचे निकाल आणि त्यांच्यासोबतच्या जाहिराती तिनं वर्षानुवर्षं मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून घेतल्या, अलीकडं गूगलकडूनही घेते. जाहिरातीवर कुणी क्लिक केलं की जाहिरातदार पैसे देतो आणि त्यातला वाटा इकोसियाला मिळतो. खर्च जाऊन उरलेली रक्कम झाडं आणि हवामानाच्या इतर कामांना जाते. हिशोब दर महिन्याला जाहीर होतो : उत्पन्न किती, पगारावर किती, करावर किती, झाडांवर किती. २०१८ साली क्रोल यांनी आपल्या मालकीचा काही भाग एका फाउंडेशनकडं दिला आणि अशी कायदेशीर अट घालून घेतली की कंपनी नफ्यासाठी विकता येणार नाही आणि नफा कुणाला घरी नेता येणार नाही. जुलै २०२० मध्ये दहा कोटी झाडांचा टप्पा गाठल्याचं त्यांनी जाहीर केलं. आता तो आकडा वीस कोटींच्या पुढं गेलाय. ब्राझील, बुर्किना फासो, इथिओपिया, मादागास्कर अशा देशांत, तिथल्या माणसांच्या हातून.

मालकानंच स्वतःचे हात बांधून घ्यायचे, हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. चांगला हेतू घेऊन निघालेली संस्था दहा वर्षांनी कुणाच्या हातात जाईल याची खात्री कोण देणार? इथं ती खात्री कागदावर लिहून दिलेली आहे.

केंद्रातल्या पडद्यावर हिरव्या खुणेचं नवं पान बघून लोक विचारू लागले. एका बाबांनी हे कुठलं म्हणून विचारलं. जर्मनीचं, म्हटलं. बाबा खूश झाले. “मग बराबर हाय. जगात जर्मनी, भारतात परभणी!” ही म्हण आमच्या जिल्ह्यात लहान पोरालाही पाठ असते. त्या दिवसापासून गावात या सर्चला ‘जर्मनीवालं’ हेच नाव पडलं.

झाडांचा भाग पोरांना फार आवडला. सरासरी ४५ शोधांमागं एक झाड, असा कंपनीचा पूर्वीचा हिशोब होता. तो ऐकून दोघंतिघं पोरं केंद्रात बसून उगाच जाहिरातींवर क्लिक करू लागली. मी त्यांना थांबवलं. तसं करू नका असं कंपनी स्वतःच सांगते, कारण गरज नसताना केलेला क्लिक म्हणजे पैसे भरणाऱ्या जाहिरातदाराची फसवणूक. पोरांना मग प्रश्न पडला की आपण क्लिक करायचं नाही तर आपल्यामुळं झाड लागणार कसं?

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मला माझ्या टेबलावरच मिळालं. इंग्रजीत एखाद्या वस्तूचं नाव टाकलं की जाहिरातींची रांग लागते. मराठीत ‘तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी’ असं टाकलं की जाहिरात क्वचितच येते, कारण त्या शब्दांसाठी पैसे मोजायला कुणी बसलेलं नाही. आमच्या गावाचे प्रश्न बाजाराच्या हिशोबानं फार स्वस्त आहेत. तेव्हा आमच्या केंद्रातल्या शोधातून इथिओपियात मोठं रान उभं राहतंय, असं मी कुणाला सांगत नाही. काही पैसे जात असतील, ते चांगल्या कामाला जातात, एवढं समाधान पुरेसं आहे.

विजेचा मुद्दा मात्र मला झाडांइतकाच जवळचा वाटतो. शोध हवेत लागत नाही. कुठंतरी हजारो संगणक चालू असतात, ते तापतात, त्यांना थंड ठेवावं लागतं. गूगलनं २००९ साली एका शोधाला साधारण ०.३ वॉट-तास वीज लागते असं सांगितलं होतं. एका शोधाला नगण्य, अब्जावधींना नाही. वीज म्हणजे कोळसा आणि कोळशाची वीज म्हणजे पाणी, हे मराठवाड्याला वेगळं सांगावं लागत नाही. शेजारचं परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. इकोसियानं २०१८ पासून स्वतःचे सौर प्रकल्प उभारले आणि आपल्या शोधांना लागते त्याच्या दुप्पट वीज आपण तयार करतो, असं ती सांगते. केंद्राच्या छतावर आपणही दोन पॅनेल टाकावीत हा विचार माझ्या डोक्यात तिथून आला. पैसे जुळले की टाकणार आहे.

आता झाडांबद्दल थोडं मनातलं. परभणी जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काळ्या जमिनीत पिकं चांगली येतात, म्हणून बांधापर्यंत नांगर फिरला आणि बांधावरच्या बाभळी, हिवरं, कडुलिंब गेले. जिंतूरच्या माळावर थोडी झुडपं आणि सागाचे पट्टे उरलेत. उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा एसटीची वाट बघणाऱ्या माणसाला सावली मिळत नाही. राज्यानं २०१६ साली २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं. त्या लागवडीचे फॉर्म, फोटो आणि आकडे आमच्यासारख्या केंद्रांच्या संगणकांवरूनही वर गेले. पुढं २०२१ मध्ये तिच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची घोषणा झाली. मला त्या लागवडीची टिंगल करायची नाही. खड्डे खणणाऱ्या आणि टँकरनं पाणी घालणाऱ्या माणसांनी खरोखर कष्ट केले आणि त्यातली काही झाडं आज माझ्या रस्त्यावर सावली देतात. पण कोणत्या गावात किती लावली, तीन वर्षांनी किती जगली, जगवण्यावर किती खर्च आला, हे गावातल्या माणसाला एका पानावर बघता यायला हवं होतं. बर्लिनची कंपनी परक्या देशातल्या झाडांचा खर्च महिन्याच्या महिन्याला जगासमोर मांडू शकते, तर आपल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर दीडशे रोपांचा हिशोब लिहिणं अवघड नाही. आमच्या ग्रामसभेत मी हा मुद्दा मांडला आहे आणि मांडत राहणार आहे.

पुतण्यानं झाडांसाठी हे सर्च लावून दिलं, सर्च बदलण्याचा विचार मी पुढं नेला तो मावशींसाठी.

माणसाचे प्रश्न किती बोलतात याचा एक जुना दाखला आहे. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतल्या एओएल कंपनीनं संशोधकांच्या उपयोगासाठी म्हणून साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध खुले केले. नावं काढून टाकली होती, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक दिला होता. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी एका क्रमांकामागची बाई शोधून काढली. तिनं शोधलेली आडनावं, तिच्या भागातल्या गोष्टी, दुखण्यांबद्दलचे प्रश्न एकत्र वाचले आणि ते थेट तिच्या दारात पोचले. कुठल्याही कागदावर तिचं नाव नव्हतं. तिचे प्रश्नच तिची ओळख सांगत होते. आमच्या गावात तर तीन महिन्यांचीही गरज नाही. सुनेचा रिपोर्ट, मुलाची वसतिगृहाची यादी आणि गट नंबर, एवढे तीन शोध एका ओळीत ठेवले तर गावातलं कोणतंही माणूस घर ओळखेल.

इकोसियाचं धोरण मी शब्दन् शब्द वाचलं. ती शोधणाऱ्याची कायमची वही तयार करत नाही, माहिती जाहिरातदारांना विकत नाही आणि शोध आठवड्याभरात निनावी करते. पूर्ण अंधार मात्र इथंही नाही. निकाल बिंग किंवा गूगलकडून येतात, त्यामुळं शोधलेले शब्द आणि संगणकाचा आयपी पत्ता अशी काही माहिती त्यांच्याकडं जाते. हे ती स्वतः लिहून ठेवते. यापेक्षा कडक पहारा हवा असेल त्यानं डकडकगो बघावं. अमेरिकेत गेब्रियल वाइनबर्ग यांनी ते २००८ मध्ये सुरू केलं आणि शोधणाऱ्याचा माग ठेवायचा नाही हाच त्याचा पाया आहे. फ्रान्सचं क्वांटही आहे. क्वांट आणि इकोसियानं २०२४ मध्ये एकत्र येऊन युरोपचा स्वतःचा शोधसाठा उभा करायचं ठरवलं, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं राहायची वेळ कमी होईल. माझ्या केंद्रात एका संगणकावर इकोसिया आहे आणि दुखण्याखुपण्याचे, घरातल्या भांडणाचे प्रश्न मी दुसऱ्या संगणकावर डकडकगोमध्ये, खासगी खिडकी उघडून शोधतो. काम झालं की खिडकी बंद. पुढच्या माणसाला मागच्याचं काही दिसत नाही.

निकालांबद्दल लोक विचारतात. मराठीत मुळात लिहिलेलंच कमी आहे, हे कोणत्याही सर्चवर जाणवतं. ‘परभणी क्रांती’ भेंडी किंवा ‘परभणी मोती’ ज्वारी आपल्या विद्यापीठानं दिलेली वाणं आहेत, पण त्यांच्याबद्दल शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत सविस्तर वाचायला मिळालं तर नशीब. शेतीच्या प्रश्नाला मी आता आधी विद्यापीठाची साईट बघतो, तिथं नसेल तर सर्च. आणि तरीही शंका उरली तर शेतकऱ्याला १८ मेच्या खरीप मेळाव्याला किंवा १७ सप्टेंबरच्या रब्बी मेळाव्याला परभणीला जायला सांगतो. रोगट पान हातात घेऊन शास्त्रज्ञाला दाखवलं की जे कळतं, ते पडद्यावर कळत नाही.

सरकारी कामासाठी तर कोणत्याच सर्चवर अवलंबून राहू नये, इकोसियावरही नाही. जाहिराती सगळीकडं असतात. इकोसियाची झाडं जाहिरातींवरच वाढतात. पैसे भरून वर आलेली एखादी खासगी साईट सरकारी वाटते आणि सातबाऱ्यासाठी भलतीच रक्कम मागते. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला सरकारी फी १५ रुपये आहे. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का हे बघायला मी शाळेतल्या पोरांना शिकवलंय, ती आता आजोबांना शिकवतात.

कायदा आपल्या बाजूनं आहे, हेही सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड ठोठावला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये, भारतातल्या ग्राहकाला नव्या फोनवर आपलं सर्च इंजिन निवडता येईल, असं गूगलनं जाहीर केलं. जुन्या फोनवरही ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिन’ अशी ओळ असते. तिथं बदलायला मिनिटही लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि नाही आवडलं तर परत बदलता येतं. गावात फार थोड्या लोकांना हे माहीत होतं. ते सांगणं हा मी माझ्या कामाचाच भाग मानतो.

पण सर्च बदलून काम संपत नाही, हे या सगळ्यात मला लख्ख कळलं. दूरच्या कंपनीनं मावशींचा प्रश्न विसरावा म्हणून मी धडपडलो, तेव्हा माझ्याच संगणकातलं डाउनलोडचं फोल्डर डोळ्यांपुढं आलं. कोणत्याही केंद्रात जाऊन ते फोल्डर उघडून बघा. गावाची आधार कार्डं, बँक पासबुकांची पानं, जातीचे दाखले, पोरींचे फोटो एकाखाली एक पडलेले असतात. आधारच्या फाईलला पासवर्ड असतो, पण तो म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. गावात कुणाला कुणाचं नाव आणि वय माहीत नाही? सार्वजनिक संगणकावर उतरवलेली आधारची प्रत काम होताच कायमची पुसावी, अशी आधार प्राधिकरणाचीच सूचना आहे. पूर्ण क्रमांक द्यायची गरज नसेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार मिळतं, तेही बहुतेकांना माहीत नसतं.

म्हणून जिल्ह्यातल्या, जिंतूरपासून पालमपर्यंतच्या सगळ्या केंद्रचालक भावाबहिणींना माझी विनंती आहे. सर्च इंजिन कोणतं वापरायचं ते तुमचं तुम्ही वाचून ठरवा. मी माझं सांगितलं. पण आजपासून एक करा. गिऱ्हाईकाचं काम झालं, प्रिंट त्याच्या हातात दिली की त्याची फाईल त्याच्यादेखत पुसा, रिसायकल बिनमधूनही पुसा, आणि पुसलेली आहे हे त्याला पडद्यावर दाखवून मगच पैसे घ्या.